जुनोला जायचं तर मोकळे दिवस घेऊन

अलास्काची राजधानी जुनो उत्तर अमेरिकेच्या मुख्य भूमीवर वसलेली आहे, तरी बाहेरच्या जगातून तिथे एकही रस्ता जात नाही. शहराच्या पाठीशी उभे डोंगर, डोंगरांच्या माथ्यामागे सुमारे 3,900 चौरस किलोमीटरचं हिमक्षेत्र आणि समोर गॅस्टिनो चॅनेल ही समुद्राची चिंचोळी पट्टी. गावातला हमरस्ता किनाऱ्याच्या कडेने उत्तरेला साठ-पासष्ट किलोमीटर जातो आणि जंगलात संपतो. दूध, कांदे, सिमेंट, मोटारी, सगळं बार्जवर लादून समुद्रमार्गे येतं. माणसं येतात ती विमानाने किंवा बोटीने. रस्ता बांधावा की नाही हा वाद कित्येक दशकं चालू आहे. हिमलोट कोसळण्याच्या जागा आणि अफाट खर्च या दोन गोष्टींपाशी तो दर वेळी अडतो.

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी कुटुंबांच्या सहलींच्या यादीत अलास्काची क्रूझ आता पक्की बसली आहे. मुलांकडे आलेल्या आई-वडिलांना घेऊन सिअॅटल किंवा व्हँकुव्हरहून सात रात्रींच्या जहाजावर जायचं, केचिकन, जुनो, स्कॅगवे ही बंदरं करायची आणि परतायचं, असा तो ठरलेला बेत असतो. त्यात जुनोच्या वाट्याला येतात आठ-दहा तास. तेवढ्यात हिमनदीही बघायची असते, व्हेलही बघायचे असतात आणि धक्क्यासमोरच्या दुकानांतून खरेदीही उरकायची असते. या शहराबद्दलचे बहुतेक सल्ले त्या आठ-दहा तासांचा हिशोब मांडणारे असतात. त्यामुळे सगळ्या प्रश्नाकडे नव्याने बघायला हवं असं मला वाटतं: जायचं कसं, कधी, किती दिवस, कोणती हिमनदी बघायची, आणि जिथला बर्फ डोळ्यांदेखत आटतो आहे तिथे जावं तरी का.

आधी जाण्याचं बघू, कारण भारतीय पासपोर्ट असलेल्यांचा बेत बहुधा इथेच फसतो. परदेशी नोंदणीच्या प्रवासी जहाजाने एका अमेरिकी बंदरातून थेट दुसऱ्या अमेरिकी बंदरात प्रवाशांची ने-आण करू नये, असा अमेरिकेचा 1886 सालचा कायदा आहे. मोठी क्रूझ जहाजं जवळजवळ सगळी परदेशी झेंड्याखाली चालतात. म्हणून सिअॅटलहून निघालेलं जहाजसुद्धा वाटेत एखाद्या कॅनेडियन बंदरात, बहुतेक वेळा व्हिक्टोरियाला, संध्याकाळी काही तास थांबतं. म्हणजे फिरणं सगळं अलास्कात असलं तरी कागदपत्रं मात्र दोन देशांची लागतात. अमेरिकेचा व्हिसा एकापेक्षा जास्त वेळा प्रवेश देणारा आहे ना आणि कॅनडाचा व्हिसा हातात आहे ना, हे तिकीट काढण्याआधी बघायला हवं. कॅनडाच्या व्हिसाला किती आठवडे लागतील याचा भरवसा नसतो. नोकरीच्या व्हिसावर असलेल्यांनी पासपोर्टवरच्या शिक्क्याची मुदतही तपासावी.

विमानाने गेलं तर हा प्रश्नच उरत नाही. सिअॅटलहून जुनोला अडीच तासांत पोचता येतं आणि कॅनडात पाऊल ठेवावं लागत नाही. अँकरेजहूनही विमानं आहेत. मात्र जुनोचा विमानतळ डोंगरांच्या कुशीत आहे, आणि ढग खाली उतरले की वैमानिकाला धावपट्टी दिसत नाही. उपग्रहांच्या आधाराने अरुंद मार्गावरून नेमकं उतरण्याची पद्धत अलास्का एअरलाइन्सने 1996 मध्ये पहिल्यांदा इथेच वापरली, आणि विमानं रद्द होण्याचं प्रमाण तेव्हापासून पुष्कळ कमी झालं. तरीही विमान जुनोवर घिरट्या घालून न उतरताच पुढच्या गावाला निघून जाणं इथल्या लोकांना नवीन नाही. लग्न, ऑपरेशन, मुलाखत असं काहीही बाहेरगावी असलं की जुनोकर एक दिवस आधी निघतात. पाहुण्यानेही तेच करावं.

तिसरा मार्ग सरकारी फेरीचा. अलास्का मरीन हायवे ही सेवा 1963 पासून चालू आहे. वॉशिंग्टन राज्यातल्या बेलिंगहॅमहून निघालेली फेरी केचिकनला पोचायलाच दीड दिवस घेते, जुनो त्याच्याही पुढे. जहाजावर केबिन असतात, पण तरुण मंडळी वरच्या डेकवर सरळ तंबू ठोकतात. लोखंडी डेकमध्ये खुंटी रुतत नाही, म्हणून तंबूचे कोपरे रुंद चिकटपट्टीने जमिनीला चिकटवतात, आणि वारा सुटला की सगळे मिळून एकमेकांचे तंबू धरून बसतात. बाजूला हीटर लावलेली अर्धी उघडी गच्ची असते, तिथे आरामखुर्च्यांवर स्लीपिंग बॅग पसरून झोपलेले लोक दिसतात. वेळ हाताशी असेल आणि पाठ धडधाकट असेल, तर या किनाऱ्याची लांबी अंगात मुरवण्याचा याहून चांगला मार्ग नाही. फेऱ्या मात्र मोजक्या असतात आणि जहाजं जुनी झाली आहेत. वेळापत्रक बदलतं. परतीचं तिकीट फेरीवर अवलंबून ठेवू नये.

आता हवामान. जुनो टाँगस या अमेरिकेतल्या सर्वांत मोठ्या राष्ट्रीय वनाच्या मधोमध आहे, आणि हे थंड प्रदेशातलं वर्षावन आहे. वर्षावन म्हटल्यावर पाऊस आलाच. मुंबईपेक्षा एकूण पाऊस कमी पडतो, पण मुंबईत तो चार महिन्यांत कोसळून मोकळा होतो. इथे वर्षातले निम्म्याहून अधिक दिवस तो भुरभुरत राहतो. विमानतळाजवळ जेवढा पडतो त्याच्या जवळजवळ दीडपट गावात पडतो, कारण गाव डोंगराला अधिक बिलगून आहे. छत्री हे पाहुण्याचं लक्षण. गावकरी टोपीचा रेनकोट आणि तपकिरी रबरी बूट घालून शाळेत, कचेरीत, हॉटेलात, सगळीकडे जातात. उन्हाळ्यातलं चांगलं तापमान म्हणजे सतरा-अठरा अंश. लोकरीचा किंवा कृत्रिम धाग्याचा पातळ थर, वर ऊबदार थर, त्यावर पाणी न झिरपणारं जाकीट अशी रचना हवी. जीन्स भिजली की दिवसभर वाळत नाही. साडी नेसायची किंवा सलवार-कमीज घालायची सवय असलेल्या आईसाठी वॉटरप्रूफ पँट आधीच घेऊन ठेवावी. धक्क्यावर ती मिळते, पण भाव ऐकून त्या घ्यायला तयार होणार नाहीत.

महिन्यांची निवड इथे फार महत्त्वाची. सप्टेंबर-ऑक्टोबर सर्वांत ओले. एप्रिल, मे आणि जूनचा पहिला भाग त्या मानाने कोरडे. बहुतेक लोक भारतातल्या किंवा अमेरिकेतल्या शाळांच्या सुट्ट्या बघून जुलै-ऑगस्ट धरतात, आणि अलास्काचा उन्हाळा म्हणजे जुलै असा त्यांचा समज असतो. माझं मत मेच्या उत्तरार्धापासून जूनच्या मध्यापर्यंतच्या दिवसांना आहे. व्हेल हवाईच्या कोमट पाण्यातून परतलेले असतात, डोंगरमाथ्यावर बर्फ टिकून असतो, संध्याकाळ दहानंतरही रेंगाळते, पाऊस बेतात असतो. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात दिवस सव्वाअठरा तासांचा होतो. उणीव एवढीच की उंचावरच्या पायवाटा बर्फाखाली असतात आणि सामन मासे अजून ओढ्यांत चढलेले नसतात. मासे नाहीत म्हणजे अस्वलांची गर्दीही नाही.

अस्वलं बघायचीच असतील, तर मात्र जुलैअखेर ते ऑगस्ट हाच काळ. मेंडेनहॉल हिमनदीच्या माहिती केंद्राला लागून स्टीप क्रीक नावाचा छोटा ओढा आहे. त्यावर उंच लाकडी पूल-वाटा बांधल्या आहेत. सॉकाय जातीचे सामन समुद्रातून नदीत, नदीतून तळ्यात आणि तळ्यातून या घोट्याएवढ्या पाण्यात येतात. तोवर त्यांची अंगं लालभडक आणि तोंडं हिरवी झालेली असतात. काळी अस्वलं झाडीतून खाली उतरतात, पंजाने मासा दाबतात आणि तो तोंडात धरून लोकांच्या पायांखालून, पुलाच्या खालून निघून जातात. मादी पाण्यात उतरण्याआधी पिल्लांना कॉटनवुडच्या झाडावर चढवून ठेवते. वर फांदीत दोन काळे गोळे झोपलेले दिसतात, आणि खाली आई जेवत असते. हे सगळं दहा-बारा मीटरवरून बघायला मिळतं. जंगल खात्याचे कर्मचारी लोकांना शांत ठेवतात, खाण्याचे पदार्थ बाहेर काढू देत नाहीत. लाडू-चिवड्याचे डबे गाडीत किंवा खोलीवरच ठेवावेत.

हिमनदीचं बघू. जुनोचं हिमक्षेत्र म्हणजे डोंगरांवर साठलेल्या बर्फाचं पठार. दर हिवाळ्यात पडणारा हिम वर्षानुवर्षं दाबला जाऊन त्याचा दगडासारखा बर्फ होतो, आणि स्वतःच्या वजनाने तो दऱ्यांतून खाली सरकतो. अशा सरकणाऱ्या जिभांपैकी सुमारे 21 किलोमीटर लांबीची जीभ म्हणजे मेंडेनहॉल. ती गावापासून वीस किलोमीटरवर, मोटारीच्या रस्त्याच्या टोकाला आहे. जगात हिमनद्या पुष्कळ आहेत, पण ज्यांच्या समोर सिटी बस आणि शाळेची सहल जाते अशा थोड्या. सिटी बस माहिती केंद्राच्या दाराशी मात्र जात नाही, शेवटचे दोनेक किलोमीटर चालावे लागतात. उन्हाळ्यात धक्क्यावरून खासगी शटल सुटतात.

हे माहिती केंद्र 1962 मध्ये उघडलं. अमेरिकी वन सेवेने देशात बांधलेलं हे पहिलं. काचेच्या भिंतीसमोर तेव्हा हिमनदी भरून दिसायची. समोरचं तळं 1930 च्या सुमारास तयार होऊ लागलं. त्याआधी त्या जागी बर्फच होता. आज हिमनदीचं टोक तळ्याच्या पलीकडच्या काठाकडे गेलं आहे, आणि या शतकाच्या मध्यापर्यंत ते केंद्रातून दिसेनासं होईल असा अंदाज आहे. साध्या चालण्याचे दोन पर्याय आहेत. फोटो पॉइंटची वाट छोटी, पक्की, चाकाची खुर्ची जाईल अशी. नगेट धबधब्याची वाट दीड-पावणेदोन किलोमीटरची, सपाट. गुडघ्यांची तक्रार असलेल्यांनाही सावकाश जमते. 115 मीटर उंचीचा तो धबधबा जिथे तळ्यात पडतो तिथे वाळूचा काठ आहे, आणि हिमनदीपासून तुटलेले तुकडे कधी कधी काठाला येऊन लागतात. त्यातला एखादा हातात घेऊन उजेडात धरावा. काचेइतका स्वच्छ असतो, आत टाचणीच्या टोकाएवढे हवेचे बुडबुडे अडकलेले असतात. कान जवळ नेला तर ते फुटताना बारीक तडतड ऐकू येते. बर्फ निळा दिसतो, कारण दाबून घट्ट झालेला बर्फ प्रकाशातला लाल भाग शोषून घेतो आणि निळा पुढे जाऊ देतो. ढगाळ दिवशी हा निळा रंग उन्हातल्यापेक्षा खोल दिसतो, म्हणून पाऊस आहे म्हणून हिमनदीचा बेत रद्द करू नये.

बर्फावर पाय ठेवायचा असेल तर मार्ग तीन. हेलिकॉप्टर सर्वांत सोपा आणि सर्वांत महाग. माणशी कित्येकशे डॉलर जातात, आणि ढग आले की रद्द होतो. पैसे परत मिळतात, दिवस परत मिळत नाही. दुसरा मार्ग पश्चिमेच्या पायवाटेने वाटाड्याबरोबर चढून जाण्याचा. तो दिवसभराचा, दमछाकीचा, शेवटी खडकांवरून दोराच्या साथीने जाणारा आहे. तिसरा तळ्यातून कयाकने. इंटरनेटवर निळ्या बर्फगुहांची चित्रं बघून पुष्कळ लोक त्या शोधायला एकटे निघतात. त्या गुहा वितळण्यानेच तयार होतात आणि वितळण्यानेच कोसळतात. मागच्या वर्षीच्या चित्रातली गुहा या वर्षी असेलच असं नाही, आणि असली तरी छत कधी खाली येईल सांगता येत नाही. हिमनदीच्या टोकाखाली कुणीही उभं राहू नये. हिवाळ्यात तळं गोठतं आणि गावकरी त्यावरून चालत, स्केटिंग करत हिमनदीपर्यंत जातात, पण कुठला बर्फ वजन पेलेल हे ते लहानपणापासून शिकलेले असतात.

समुद्रात थेट उतरणाऱ्या हिमनद्या बघायच्या तर दक्षिणेच्या अरुंद खाड्यांत जावं लागतं. ट्रेसी आर्म त्यांतली सर्वांत गाजलेली. पण 10 ऑगस्ट 2025 च्या पहाटे तिथल्या साउथ सॉयर हिमनदीजवळचा डोंगर खाडीत कोसळला आणि त्सुनामी उसळली. कुणाचा जीव गेला नाही. खाडीच्या तोंडाशी मुक्काम केलेल्या काही कयाकवाल्यांचं सामान वाहून गेलं. हीच गोष्ट दुपारी, जहाजं आत असताना झाली असती तर काय झालं असतं, याचा विचार सगळ्यांनी केला, आणि पुष्कळ जहाजांनी शेजारच्या एंडिकॉट आर्मकडे मोर्चा वळवला. हिमनदी मागे हटली की तिने टेकू दिलेले कडे उघडे पडतात, म्हणजे हा धोका एका खाडीपुरता नाही. जाऊच नये असं मी म्हणणार नाही. ज्या बोटीने जायचं त्या बोटवाल्याला आता कुठे जाता आणि का, हे विचारावं. नीट उत्तर देणाराच निवडावा.

धोक्याचा विषय निघालाच आहे तर पुराबद्दल सविस्तर सांगायला हवं, कारण ऑगस्टचा बेत आखणाऱ्यांना तो ठाऊकच नसतो. मेंडेनहॉलच्या एका बाजूला सुइसाइड बेसिन नावाची दरी आहे. तिथली छोटी हिमनदी मागे हटल्यावर खोलगट जागा मोकळी झाली, आणि मेंडेनहॉलचा बर्फ तिच्या तोंडाशी बांधासारखा उभा राहिला. वितळलेलं आणि पावसाचं पाणी तिथे उन्हाळाभर साठतं. पुरेसं साठलं की ते बर्फाखालून वाट फोडतं, आणि दोन-एक दिवसांत सगळा साठा तळ्यात, तळ्यातून मेंडेनहॉल नदीत येतो. 2011 पासून हे होतं आहे. नदीची पातळी ऑगस्ट 2023 मध्ये 14.97 फूट, ऑगस्ट 2024 मध्ये 15.99 फूट आणि ऑगस्ट 2025 मध्ये 16.65 फूट गेली. प्रत्येक वर्षाने आधीच्या वर्षाचा विक्रम मोडला. 2023 मध्ये काठ खचून एक अख्खं घर नदीत कोसळलं. 2024 मध्ये सुमारे तीनशे घरांत पाणी शिरलं. त्यानंतर नदीकाठाने वाळू भरलेल्या मोठ्या जाळीदार पेट्यांचा बांध घातला, आणि 2025 ला पाणी जास्त येऊनही बहुतेक वस्ती वाचली. सिक्कीममध्ये साउथ ल्होनाकचं तळं 2023 च्या ऑक्टोबरमध्ये फुटलं आणि चुंगथांगचं धरण वाहून गेलं, ते आपल्याला आठवत असेल. प्रकार त्याच कुळातला आहे. फरक असा की जुनोत दरीवर कॅमेरे आणि मोजयंत्रं रोखलेली आहेत, आणि हवामान खातं आधी इशारा देतं. पाहुण्याने एवढं करावं: ऑगस्टमध्ये मेंडेनहॉल व्हॅलीत नदीकाठचं घर भाड्याने घेऊ नये, आणि हवामान खात्याचं पान रोज बघावं. गावाचा जुना भाग या पुराच्या वाटेत येत नाही.

मग जिथला बर्फ असा आटतो आहे तिथे विमानाने, जहाजाने, धूर सोडत बघायला जावं का, हा प्रश्न मला टाळता येत नाही. जुनो हिमक्षेत्रावर 1940 च्या दशकापासून दर उन्हाळ्यात विद्यार्थी आणि शास्त्रज्ञ मुक्काम करून मोजमापं घेत आले आहेत. 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ब्रिटनमधल्या न्यूकॅसल विद्यापीठाच्या बेथन डेव्हिस यांच्या नेतृत्वाखालच्या अभ्यासानुसार, 1770 पासून या क्षेत्राने सुमारे चौथा हिस्सा बर्फ गमावला आहे, आणि 2010 नंतर आटण्याचा वेग आधीच्या तीन दशकांच्या दुप्पट झाला आहे. सगळ्या हिमनद्या हटत असताना टाकू ही प्रचंड जाडीची हिमनदी एकटी पुढे सरकत होती. आता तिनेही मागे हटायला सुरुवात केली आहे. आपण गेलो नाही म्हणून मेंडेनहॉल वाचणार नाही, हे खरं आहे. पण त्याच कारणाने धावत-पळत जाऊन तिथे फोटो काढून यावं, हेही मला पटत नाही. एकदाच जावं, जास्त दिवस राहावं, हेलिकॉप्टरऐवजी पायी फिरावं आणि पैसा गावातल्या लोकांच्या हाती पडेल असा खर्च करावा, या निष्कर्षाला मी आले आहे.

गर्दीचा मुद्दाही याच्याशीच जोडलेला आहे. जुनोची वस्ती सुमारे 32,000. एका मोसमात जहाजाने येणाऱ्यांची संख्या 16 लाखांच्या वर गेली आहे. सकाळी चार-पाच जहाजं लागली की दक्षिण फ्रँकलिन स्ट्रीटवर पाऊल ठेवायला जागा राहत नाही, मोबाइलचं नेटवर्क मंदावतं, हिमनदीकडे बसची रांग लागते. शहराने जहाज कंपन्यांशी करार करून आधी दिवसाला पाच मोठ्या जहाजांची मर्यादा घातली आणि मग 2026 पासून प्रवाशांचीही: दिवसाला 16,000, शनिवारी 12,000. शनिवारी एकही मोठं जहाज नको, असा प्रस्ताव 2024 मध्ये मतदानाला आला आणि नामंजूर झाला, कारण या व्यवसायावर पोट असलेली घरंही गावातच आहेत. धक्क्यावर उभ्या क्रूझ जहाजाला किनाऱ्यावरून वीज पुरवण्याची सुरुवात जगात प्रथम इथेच झाली, 2001 मध्ये. गाव पाहुण्यांना हाकलत नाही. त्याला श्वास घ्यायला जागा हवी आहे.

मुक्कामाला असणाऱ्याच्या हातात इथे मोठी सोय असते. जहाजांचं वेळापत्रक आधीच जाहीर झालेलं असतं. ज्या दिवशी जहाजं जास्त, त्या दिवशी हिमनदीकडे पहाटे किंवा संध्याकाळी सहानंतर जायचं, उजेड भरपूर असतो. दुपारी डग्लस बेटावर ट्रेडवेल खाणीचे अवशेष बघायचे. एकेकाळी जगातल्या सर्वांत मोठ्या सोन्याच्या खाणींत ट्रेडवेलची गणना होती. 1917 मध्ये समुद्राचं पाणी आत शिरलं आणि बहुतेक बोगदे बुडाले. आता समुद्रकिनारी अर्ध्या गंजलेल्या यंत्रांमधून झाडं वाढली आहेत. तिथे कुत्र्यांना फिरवायला आलेल्या गावकऱ्यांखेरीज फारसं कुणी नसतं.

खुद्द जुनो सोन्यामुळे वसलं. 1880 मध्ये जो जुनो आणि रिचर्ड हॅरिस हे दोन शोधक गोल्ड क्रीकपाशी पोचले, आणि त्यांना तिथवर नेलं ते ऑक ट्लिंगिट या मूळनिवासी लोकांचे प्रमुख कोवी यांनी. शहराला नाव मिळालं शोधकाचं. पण जमीन, ओढे आणि हिमनद्या यांची माहिती ट्लिंगिट लोकांकडे पिढ्यान्‌पिढ्या होती, आणि ते लोक आजही इथे आहेत, गावाच्या मध्यभागी आहेत. सीलास्का हेरिटेज इन्स्टिट्यूटच्या इमारतीत देवदाराचं कोरीव काम आणि विणकाम बघायला मिळतं. किनाऱ्यालगत नव्याने उभारलेले टोटेम स्तंभ आहेत; प्रत्येक स्तंभ एका कुळाची गोष्ट सांगतो. सम वर्षांच्या जूनमध्ये सेलिब्रेशन नावाचा उत्सव भरतो, 1982 पासून. आग्नेय अलास्कातल्या ट्लिंगिट, हैडा आणि त्सिमशियन लोकांचे नाच-गाण्याचे जथे रस्त्यावरून मिरवत जातात, आजोबांपासून तान्ह्या बाळापर्यंत सगळे पोशाखात. तारीख जमत असेल तर माझ्या मते हा एकच प्रसंग पूर्ण प्रवासाचं कारण ठरू शकतो. खोल्या मात्र फार आधी भरतात. जानेवारी ते मे विधिमंडळ बसतं, तेव्हाही गावात खोली मिळणं कठीण होतं.

व्हेलच्या बोटी ऑक बे इथून सुटतात. मोसमात हंपबॅक व्हेल दिसण्याची शक्यता इतकी जास्त की बोटवाले खुशाल हमी देतात. कायद्याने बोटीला व्हेलपासून 100 यार्ड दूर राहावं लागतं. लहान बोट घ्यावी. मोठ्या बोटीत कठड्यापाशी जागा मिळवण्यातच वेळ जातो. रोपवेने माउंट रॉबर्ट्सवर जायचं तर ढग नसलेला दिवस बघून तिकीट काढावं, नाहीतर पांढऱ्या भिंतीसमोर उभं राहावं लागतं. उत्तरेचा प्रकाश इथे दिसतो, पण ढगांमुळे क्वचित. त्यासाठी खास जायचं तर फेअरबँक्स बरं.

शाकाहारी मंडळींचे हाल होत नाहीत. थाई, मेक्सिकन, पिझ्झा सगळं आहे, आणि स्वयंपाकघर असलेली खोली घेतली तर किराणा दुकानातून भाजी-भात करता येतो. भाज्या महाग आणि कधी कधी कोमेजलेल्या असतात. बार्ज उशिरा आला की फळ्या रिकाम्या दिसतात. डाळ आणि मसाला सिअॅटलमध्ये भरून न्यावा. मासे खाणाऱ्यांनी ताजा सामन आणि हॅलिबट सोडू नये.

किती दिवस राहावं? चार रात्री किमान, सहा उत्तम. त्यातले दोन दिवस कशालाही न बांधलेले. पैसे भरून नक्की केलेल्या गोष्टी दोनच असाव्यात, व्हेलची बोट आणि खाडीची बोट, आणि त्या मुक्कामाच्या पहिल्या निम्म्यात, म्हणजे रद्द झाल्या तर पुढे ढकलायला जागा राहते. बाकी सगळं रोज सकाळी खिडकीतून बघून ठरवावं. ढग खाली असले तर राज्य संग्रहालय आणि स्टीप क्रीक, ढग उचलले तर हिमनदी आणि डोंगर. भाड्याची मोटार एका दिवसापुरती का होईना, महिनोन्‌महिने आधी धरून ठेवावी, गावात त्या थोड्या आहेत. ग्लेशियर बे राष्ट्रीय उद्यान जोडायचं असेल तर छोट्या विमानाने किंवा फेरीने गस्टेव्हसला जाऊन दोन रात्री राहावं लागतं. तिथे दिवसाला दोनच मोठी जहाजं सोडतात, त्यामुळे शांतता टिकून आहे. सहा दिवसांत हे दोन्ही करण्याचा हट्ट धरला तर दोन्ही अर्धवट होतं.

आणि सिअॅटलहून भारताकडे किंवा मुलांच्या गावी जाणारं विमान जुनो सोडण्याच्या दिवशीचं घेऊ नये. मध्ये सिअॅटलची एक रात्र ठेवावी. जुनोचं विमान वेळेवर सुटलं तर ती रात्र नातेवाइकांकडे जाईल, नाहीच सुटलं तर ती उपयोगी पडेल.